कौले परतावीत तसे सर्व्हर बदलताना

खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबीच्या बाजूला, मृगापूर्वी कौले परतण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असते की त्यासाठी कोणी घर रिकामे करत नाही. एक ओळ उतरवायची, फुटकी कौले बदलून ती पुन्हा बसवायची आणि मगच पुढच्या ओळीला हात घालायचा. अनेक संगणकांवर विखुरलेल्या डेटाबेसमधील जुने सर्व्हर बदलण्याचे कामही असेच चालत्या घरात करावे लागते, कारण बेळगावच्या रविवार पेठेत फोनवरून पैसे देणारे गिऱ्हाईक यंत्र बदलून होईपर्यंत थांबणार नाही.

हे साधते ते प्रतींमुळे. अशा डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीच्या बहुधा ३ प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात आणि त्यांपैकी २ सर्व्हरनी लिहिल्याचे कळवले की नोंद पक्की धरता येते. एक सर्व्हर काढला तरी काम चालते. मात्र त्याच अवधीत दुसराही पडला, तर बहुमत उरत नाही. म्हणून आधी नवा जोडावा, त्यावर डेटा पूर्ण उतरू द्यावा आणि नंतरच जुना काढावा. हा अवधी लहान नसतो: ४ टेराबाइट डेटा सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून, ती पूर्ण क्षमतेने वापरली तरी, उतरायला सुमारे ९ तास लागतात.

येथे एक खोच आहे. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘राफ्ट’ या, सर्व्हरांमध्ये एकवाक्यता राखण्याच्या पद्धतीत निर्णय सर्व्हरांच्या मतांनी होतात. तिघांत चौथा आला की बहुमत २ वरून ३ वर जाते आणि कोऱ्या नवख्याचे मतही हिशेबात येते. त्यामुळे डेटा पूर्ण मिळेपर्यंत त्याला मताधिकार न देणेच शहाणपणाचे.

माझ्या मते खरा धोका मात्र नव्यापेक्षा परत येणाऱ्या जुन्याचा असतो. ‘कॅसॅन्ड्रा’ या डेटाबेसमध्ये पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही; तिच्या जागी ‘टूम्बस्टोन’, म्हणजे थडग्याचा दगड, या नावाची खूण लिहिली जाते आणि मूळ रचनेनुसार ती निदान १० दिवस राखली जाते. (आपल्याकडील दहाव्याशी हा आकडा जुळतो, तो निव्वळ योगायोग.) दुरुस्तीसाठी काढलेला सर्व्हर त्याहून उशिरा जसाच्या तसा जोडला, तर इतरांकडील खुणा एव्हाना गेलेल्या असू शकतात, त्याच्याजवळ मात्र जुनी नोंद शाबूत असते, मग प्रती जुळवताना इतर सर्व्हर तिला आपल्याकडे राहून गेलेली नोंद समजून उतरवून घेतात आणि पुसलेले खाते पुन्हा जिवंत होते. असा सर्व्हर परत घ्यायचाच असेल, तर त्यावरील डेटा आधी पूर्ण पुसावा लागतो आणि नव्या सर्व्हरप्रमाणे सारा डेटा त्याला इतरांकडून पुन्हा घ्यावा लागतो.