वेकफील्ड

वेकफील्ड : इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमधील कॉल्डर नदीकाठचे शहर. लीड्सच्या दक्षिणेस सु. १४ किमी. पूर्वी लोकर, धान्यबाजार व कोळसा यांसाठी प्रसिद्ध. १८८८ मध्ये बिशपपीठ होऊन शहराचा दर्जा मिळाला. कॅथीड्रलचा मनोरा (सु. ७५ मी.) यॉर्कशरमध्ये सर्वांत उंच आहे.

कॉल्डरवरील जुन्या दगडी पुलावरच उभे असलेले सेंट मेरीचे प्रार्थनामंदिर हे येथील सर्वांत दुर्मीळ स्थळ. अशी मंदिरे इंग्लंडात मोजकीच उरली आहेत. ३० डिसेंबर १४६० च्या वेकफील्डच्या लढाईत यॉर्कचा ड्यूक रिचर्ड मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ मुलाने, चौथ्या एडवर्डने, हे मंदिर बांधले, असे जुने इतिहासकार लिहीत. मात्र बांधणीची शैली चौदाव्या शतकाच्या मध्याची आहे. मंदिर लढाईच्या सु. शंभर वर्षे आधीचे असून एडवर्डने फार तर देणगी दिली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोळाव्या शतकात अशी मंदिरे बंद झाली, तरी पुलाच्या बांधकामाचाच भाग असल्याने हे पाडता आले नाही. मधल्या काळात तेथे वाचनालय व चीजकेकचे दुकानही होते. १८४७-४८ मध्ये वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने दर्शनी बाजू फ्रान्समधील कां येथील दगडात नव्याने बांधली. हा मऊ चुनखडक कारखान्यांच्या धुराने झिजला व १९३९ मध्ये तीही बदलावी लागली. मूळ दर्शनी बाजू जवळच्या केटलथॉर्प येथे नौकाघराला लावली गेली. मूळ बाजू काढण्याच्या निर्णयाबद्दल स्कॉटने पुढे खेद व्यक्त केला. मंदिर रोज उघडे नसते. जाण्यापूर्वी चौकशी करावी.

खाद्यविशेषांत अंधारात वाढवलेला रुबार्ब अग्रगण्य. काष्ठौषधींच्या दुकानांतली रेवंदचिनी याच प्रजातीतील वेगळी जात. तिची मुळे औषधात वापरतात, येथे देठ खातात. सु. १८१७ मध्ये लंडनच्या चेल्सी उद्यानात मातीखाली दडपलेल्या गड्ड्यांना कोवळे देठ फुटल्याचे आढळले, असे परंपरेने सांगतात. वेकफील्ड, मॉर्ली व रॉथवेल यांमधील त्रिकोणात ही शेती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. गिरण्यांतली टाकाऊ लोकर हे हळूहळू नत्र सोडणारे खत आणि शेडच्या उबेसाठी कोळसा, दोन्ही हाताशी होते.

गड्डे दोन वर्षे शेतात ठेवून एकही देठ काढत नाहीत, म्हणजे अन्नसाठा मुळांत साचतो. सुप्तावस्था मोडायला थंडी लागते. त्यासाठी शरदापासून जमिनीचे तापमान १०° से. च्या किती खाली जाते याची रोज बेरीज ठेवतात. टिंपर्ली अर्ली वाणाला कमी थंडी पुरते, व्हिक्टोरियाला जास्त लागते. बेरीज भरण्याआधी गड्डे उपटले, तर देठ थोडे व बारीक येतात. उपटलेले गड्डे बुटक्या, काळोख्या शेडमध्ये एकमेकांना खेटून मांडतात व पाणी देतात. ऊब फार वाढली, तर देठ लांबट व फिकट होतात; हवा कोंदली, तर करडी बुरशी लागते. प्रकाश मिळाला की पाने मोठी होतात व देठ हिरवा, राठ बनतो. म्हणून तोडणी मेणबत्तीच्या उजेडात होते. देठ कापत नाहीत. तळाशी बोट घालून पिळून ओढतात, कारण उरलेला बुंधा कुजतो. हंगाम जानेवारी ते मार्च. नंतर थकलेले गड्डे टाकून देतात. २०१० मध्ये या रुबार्बला युरोपीय संघाचे संरक्षित उगमनाम मिळाले. देठ थोड्या साखरेत, अगदी कमी पाण्यात शिजवून कस्टर्डबरोबर खातात. पानांत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ती विषारी असतात.

जवळच्या पाँटफ्रॅक्टची ‘पाँटफ्रॅक्ट केक’ ही वास्तविक ज्येष्ठमधाची काळी, नाण्याएवढी, किल्ल्याची छाप असलेली वडी. १७६० च्या सुमारास जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्याने अर्कात साखर घातल्याचे मानतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी ती बेतानेच खावी. ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थ (१९०३–७५) हिचा जन्म येथला. डेव्हिड चिपरफील्डने रचलेले ‘द हेपवर्थ’ कलादालन (२०११) पुलाजवळच आहे. ते व प्रार्थनामंदिर एकाच फेरीत पाहून होतात. वेस्ट ब्रेटन येथे यॉर्कशर शिल्पोद्यान (१९७७) आहे. ओव्हर्टनच्या राष्ट्रीय कोळसाखाण संग्रहालयात १४० मी. खाली उतरण्यापूर्वी मोबाइल व बॅटरीवरील घड्याळे वर ठेवावी लागतात, कारण मिथेनला ठिणगीही पुरते.