फ्रेडीच्या गळ्यातली गिटार

फ्रेडी मर्क्युरीला गिटार येत होती की नाही, हा वाद त्याच्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांत अधूनमधून उकरून काढला जातो. निमित्त बहुतेक वेळा लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या मैफलीच्या चित्रणाचं असतं. १३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर बँडला वीसेक मिनिटं मिळाली होती. त्यात चौथ्या गाण्याला फ्रेडीच्या गळ्यात फेंडर कंपनीची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार दिसते. पहिल्या गाण्याला पियानोवर बसलेला, मग अर्धा माइक स्टँड तलवारीसारखा फिरवणारा हा माणूस 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' सुरू होताच गिटार अडकवतो आणि शांतपणे कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) मारायला लागतो. एक गट म्हणतो, बघा, येत होती. दुसरा म्हणतो, शोभेची आहे. तो स्वतःच सांगायचा की मला येत नाही.

ती गिटार तिथवर कशी पोचली, त्याची ही पार्श्वभूमी. झांझिबार, पाचगणीची शाळा, बुलसाराचा मर्क्युरी कसा झाला, हे मराठीत पुष्कळ लिहून झालंय, ते पुन्हा सांगत नाही. त्यातला एकच धागा इथे लागतो: पाचगणीच्या त्या बोर्डिंग शाळेत तो शिकला तो पियानो, आणि तिथल्या पोरांच्या बँडमध्येही तो पियानोवरच होता. त्याच्या हाताला पहिली सवय पट्ट्यांची होती, तारांची नव्हे.

गायकाच्या गळ्यात गिटार असणं रॉकमध्ये जुनंच आहे. जुलै १९५४मध्ये मेम्फिसच्या एका छोट्या स्टुडिओत एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड झाली, तेव्हा खोलीत वाजवणारे तिघंच होते आणि ड्रम नव्हता. लीड गिटार, म्हणजे सुट्या सुरांच्या चाली वाजवणारी, दुसऱ्याकडे, डबल बास तिसऱ्याकडे, आणि ठेका धरायला गायकाची स्वतःची अकूस्टिक. रेकॉर्ड सुरूच होते ती त्या झणझणाटाने. पुढे ड्रमर आला, गिटारचं काम हलकं झालं आणि ती कंबर हलवताना गळ्यात लोंबणारी वस्तू उरली. 'गायकाची गिटार म्हणजे नाटकातली तलवार' ही थट्टा तिथूनची. पण सुरुवात तशी नव्हती, हे ध्यानात असू द्यावं, कारण १९७९मध्ये 'क्रेझी लिटल थिंग' करताना फ्रेडीने ज्या आवाजाला हात घातला तो नेमका १९५४च्या आसपासचा होता.

इथे एका शब्दाशी थोडं थांबावं लागतं. चाहत्यांच्या वादात अर्धा गोंधळ 'रिदम गिटार' या शब्दाचा असतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात किंवा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला 'रिदम' म्हटलं की तबला, ढोलक, कोंगो. 'रिदमवाले आले का?' असं विचारलं तर गिटारवाला मान वर करत नाही. त्यामुळे 'फ्रेडी रिदम गिटार वाजवायचा' हे मराठीत वाचलं की एकतर तो काहीतरी ठोकत होता असं वाटतं, किंवा लीडवाल्याच्या हाताखालचा नवशिका होता असं. दोन्ही चूक. रिदम गिटार म्हणजे कॉर्ड धरून ठेका आणि सुरांची चौकट एकत्र सांभाळणं. ते काम खालच्या दर्जाचं नाही, वेगळं आहे.

मला यात तंबोऱ्याची उपमा सुचते. ख्याल गाणारा पुष्कळदा स्वतःच तंबोरा छेडत गातो. त्याला कुणी 'तंबोरावादक' म्हणत नाही आणि 'याला वाजवता येत नाही, नुसता धरून बसलाय' असंही म्हणत नाही. उपमा अगदी चपखल नाही, कारण तंबोऱ्याला ठेका नसतो आणि कॉर्ड बदलाव्या लागत नाहीत. पण 'वादक' आणि 'वाजवणारा' यांत फरक करायची आपल्याला सवय आहे. ती इथे वापरली असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

क्वीनमध्ये गिटारचं खातं भरलेलंच होतं. गिटारिस्टने शाळकरी वयात वडिलांबरोबर स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवली होती, तिच्या मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड होतं, आणि पिकऐवजी तो सहा पेनीचं नाणं वापरायचा. स्टुडिओत एकावर एक गिटारी चढवून तो अख्खा वाद्यवृंद उभा करायचा. अशा माणसाशेजारी गायकाने गिटार घेऊन उभं राहायला कारण लागतं. सत्तरच्या दशकात ते नव्हतं. रंगमंचावर फ्रेडी पियानोवर नाहीतर माइकच्या दांड्यापाशी असायचा.

पण घरात गिटार होतीच. १९७४च्या दुसऱ्या अल्बममधलं 'ओगर बॅटल' हे गाणं त्याने गिटारवर रचलं होतं. ते ऐका. पियानोवर बसणाऱ्याला असलं करकरीत, घासून पुढे जाणारं रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) सहसा सुचत नाही. 'येत नाही' म्हणणाऱ्या माणसाने 'क्रेझी लिटल थिंग'च्या पाच वर्षं आधीच गिटारवर धडाडती चाल बांधली होती, याकडे शोभेची गिटार म्हणणारे हटकून दुर्लक्ष करतात.

आता १९७९. वसंतातला जपानचा दौरा आटोपून बँड उन्हाळ्यात म्युनिकला आला. नवा निर्माता, नवा स्टुडिओ, डोक्यावर अल्बमची घाई नाही. 'क्रेझी लिटल थिंग'ची चाल हॉटेलच्या बाथटबमध्ये सुचली, असं सांगतात. ती गिटारवर केली आणि पाच-दहा मिनिटांत गाणं झालं, असं फ्रेडीने पुढे १९८१मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाला सांगितलं. त्याच मुलाखतीत तो म्हणाला की गिटार आपल्याला धड येत नाही, मोजक्याच कॉर्ड माहीत आहेत, पण ही मर्यादाच उपयोगी पडली, गाणं आटोपशीर राहिलं. सगळी दंतकथा या एका बोलण्यातून निघाली. 'मोजक्याच'चं 'तीन' झालं, आणि पुढे रंगमंचावरही तो त्यावर विनोद करायला लागला: या गिटारला म्हणे मला हव्या त्या कॉर्डच येत नाहीत!

या 'तीन कॉर्ड'वर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ते खोटं आहे आणि गिटार हातात घेऊन कुणालाही पाच मिनिटांत पडताळता येतं. कडव्यात डी, जी आणि सी. इथपर्यंत ठीक, तीन झाल्या. पण गाण्याचं नाव ज्या ओळीत येतं तिथे चाल बी फ्लॅटवर उडी मारते आणि सीवरून डीला परत येते. डी मेजरमध्ये बी फ्लॅट नैसर्गिकपणे बसतच नाही, आणि गिटारवर ती साधी उघड्या तारांची कॉर्डही नाही. पहिलं बोट आडवं दाबून बार धरावा लागतो. नवशिक्याचा घाम निघतो तो इथेच. शिवाय मधल्या भागात ई आणि ए येतात. म्हणजे किमान सहा. आणि या सहा गाताना, ठेका न सोडता बदलायच्या. गात-गात बार कॉर्ड पकडून बघा, मग बोला.

मग तो तसं का म्हणाला? माझं मत असं: शेजारी जो माणूस उभा होता त्याच्या मानाने त्याला खरंच येत नव्हती. तुलना चुकीच्या मोजपट्टीवर होती. घरी भजनाला पेटी वाजवणाऱ्याने 'छे, मला कुठे येते' म्हणावं, तशातलं ते होतं. शिवाय स्टेडियम भरून माणसं समोर असताना 'मला येत नाही' म्हणून वाजवायला लागण्यात मजा होतीच, आणि मजेचा मौका हा माणूस सोडत नसे.

त्या गाण्यात आणखी एक भांडणाचा मुद्दा आहे, पण तो फ्रेडीच्या गिटारचा नाही. गिटारिस्ट स्टुडिओत यायच्या आत गाण्याचा मूळ ढाचा उरकायचा, नाहीतर काम लांबेल, असा बेत होता, अशी गोष्ट सांगतात. तो आला तेव्हा गायकाची अकूस्टिक रेकॉर्ड झालेली होती. सोलोसाठी निर्मात्याने त्याला आपली घरगुती गिटार बाजूला ठेवून ड्रमरची टेलिकास्टर वाजवायला लावली, कारण पन्नासच्या दशकातला तो कोरडा, खणखणीत आवाज हवा होता. गिटारिस्टला ते फारसं रुचलं नव्हतं. निकाल मात्र निर्मात्याच्या बाजूने लागला: ऑक्टोबर १९७९मध्ये ब्रिटनमध्ये सिंगल निघालं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तर १९८०च्या सुरुवातीला अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत क्वीनचा तो पहिलाच अव्वल नंबर. म्हणजे ज्याला गिटार येत नाही असं म्हणतात, त्याने गिटारवर रचलेल्या आणि स्वतः वाजवलेल्या गाण्याने बँडला तो दरवाजा उघडून दिला.

गाणं गाजलं, मग ते रंगमंचावर आणायचं कसं हा प्रश्न आला. १९७९च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बँडने आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये मुद्दाम लहान-मोठ्या सभागृहांचा दौरा केला. तोवर क्वीनचा बाणा असा की स्टेजवर चौघंच. स्टुडिओत शेकडो आवाज चढवलेल्या गाण्याचा मधला ऑपेराचा भाग टेपवर लावून ते चक्क आत निघून जायचे, पण पाचवा माणूस आणायचे नाहीत. अल्बमच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर नाही' असं छापणारी ही मंडळी. कोण काय वाजवतं याबद्दल ती हळवीच होती. (१९८०च्या अल्बममध्ये सिंथेसायझर पहिल्यांदा आला, तेव्हा तेही वेष्टनावर छापलं.)

चौघांत हे गाणं बसवायचं तर हिशेब सोपा आहे. गिटारिस्ट सोलो घेतो तेव्हा खालची कॉर्ड कोण धरणार? बास एकेक सूर देतो, कॉर्ड देत नाही. पियानो लावला तर गाण्याचा पोतच जातो. उरतो गायक. म्हणून फ्रेडी बारा तारांची अकूस्टिक घेऊन उभा राहिला आणि सुरुवात एकट्याने करू लागला. गिटारिस्ट नंतर यायचा, आधी अकूस्टिकवर, मग सोलोला टेलिकास्टर, आणि शेवटी, लोक सुरात सूर मिळवून गाऊ लागले की, आपल्या घरगुती गिटारवर. एका छोट्या गाण्यात त्याच्या तीन गिटारी बदलायच्या. या अदलाबदलीत एकच गिटार सलग चालू राहायची, ती गायकाची. शोभेची वस्तू असं काम करत नाही.

पुढे फ्रेडीनेही अकूस्टिक सोडून टेलिकास्टर घेतली. मोठ्या मैदानांवर ती सोयीची होती. बारा तारांची अकूस्टिक तशा गोंगाटात ऐकू आणणं ही साऊंडवाल्याची डोकेदुखी असते.

इथे माझा युक्तिवाद थोडा लंगडा पडतो, ते कबूल केलेलं बरं. १९८२पासून दौऱ्यांवर कीबोर्डसाठी पाचवा माणूस आला, आणि १९८४पासून जो होता तो गिटारही वाजवायचा. लाइव्ह एडला 'हॅमर टू फॉल'मध्ये रिदम गिटार त्याच्याकडेच होती. म्हणजे लगेच पुढच्या गाण्यात फ्रेडीने गिटार घेतलीच पाहिजे अशी गरज उरली नव्हती. तरी त्याने ती घेतली. गरज संपली, प्रथा राहिली. मला वाटतं, त्याला ती हवी होती: तासभर धावणाऱ्या माणसाला एका गाण्यापुरतं एका जागी उभं राहण्याचं निमित्त. आठवा, त्याच काळात त्याचं स्टेजवर पियानोवर बसणंही कमी होत चाललं होतं. पियानो त्याला लोकांपासून दूर, आडवा बसवायचा. गिटार घेऊन मात्र तो अगदी पुढे, लोकांकडे तोंड करून उभा राहू शकत होता.

तो एकटाच असं करत होता असंही नाही. लंडनच्याच दुसऱ्या एका बड्या बँडच्या नाचऱ्या गायकाने १९७८च्या अमेरिका दौऱ्यात गिटार अडकवली होती, आणि त्यालाही तसेच टोमणे बसले. ज्याचं नाव हालचालीसाठी झालेलं असतं त्याने वाद्य घेतलं की लोकांना आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. जन्मभर गिटार घेऊन गाणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

ऑगस्ट १९८६मध्ये नेबवर्थला फ्रेडीचा क्वीनबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यातही हे गाणं होतं. एप्रिल १९९२मध्ये वेम्बलीवर त्याच्या आठवणीत मोठी मैफल झाली, तेव्हा ते एका दुसऱ्या विख्यात बँडच्या गायकाने म्हटलं.

त्यानंतर ही गिटार आठवणीत मागेच पडत गेली. २०२३मध्ये लंडनला त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा बातम्या झाल्या त्या पियानोच्या, जो सुमारे १७ लाख पौंडांना गेला. आणि स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला तळ्याकाठी त्याचा जो पुतळा १९९६पासून उभा आहे, त्याची एक मूठ आकाशाकडे आहे आणि दुसऱ्या हातात माइकचा दांडा. गळा मोकळा.