थोराड मूल आणि पाठमोरी सीट

गाडीतल्या चाइल्ड सीटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमचा वयाच्या मानानं थोराड आहे हो, त्याला आता पुढे तोंड करून बसवलं तरी चालेल.’ न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हे बरीच वर्षं ऐकू येतंय, आता पुण्या-मुंबईतही येऊ लागलंय. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पाठमोऱ्या पोराचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकलेले, गुडघे वर आलेले. अवघडत असेल बिचारा, असं वाटणं साहजिक आहे. पण हा युक्तिवाद नेमका उलटा आहे. थोराड मुलाचं वजन वयाच्या पुढे धावतं, उंचीही धावते. मानेची हाडं मात्र वयाच्याच चालीनं पक्की होतात. अंग तीन वर्षांच्या मुलाचं दिसत असलं, तरी मान दीड वर्षाचीच असते.

पाठमोरं, म्हणजे गाडी जाते त्या दिशेला पाठ करून, बसवण्यानं काय साधतं हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बाकं असतात. गाडीनं करकचून ब्रेक लावला की इंजिनाकडे तोंड करून बसलेली माणसं पुढे झुकतात, आधार शोधतात. इंजिनाकडे पाठ करून बसलेली माणसं नुसती बाकाच्या पाठीत रुततात. ब्रेक एकच, वेग एकच. फरक पडतो तो अंगाला कोण अडवतं आणि कुठे अडवतं याचा.

मोटारीच्या धडकेत हेच घडतं, पण भयंकर वेगानं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी समोरून आदळून साधारण एक दशांश सेकंदात थांबली, असं धरू. एवढ्या वेळात वेग शून्यावर आणायचा तर सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४ पट होतं. तीन वर्षांच्या मुलाचं डोकं अडीच-पावणेतीन किलोचं असतं. पुढे तोंड करून बसवलेल्या मुलाचे खांदे आणि कंबर पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेली असतात. डोक्याला कोणी धरलेलं नसतं. ते पुढे जातं आणि त्याला थांबवण्याचं सगळं काम एकट्या मानेवर येतं. हिशेब केला तर ३५ ते ४० किलो वजनानं ओढावं एवढा ताण. हा झाला सरासरी ताण, धडकेच्या ऐन क्षणी तो याहून बराच जास्त असतो. मूल पाठमोरं असेल तर डोकं, मान, पाठ, कंबर सगळं एकदम सीटच्या कवचात दाबलं जातं. बल तेवढंच असतं, पण ते सगळ्या पाठीवर पसरतं आणि मानेला ताण असा फारसा बसत नाही.

मोठ्या माणसाची मान असा ताण बऱ्याच अंशी सोसते. लहान मुलाची का सोसत नाही, ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे बारीक मानेवर जड डोकं. त्यात मानेचे मणके जन्मतः अखंड नसतात. एकेक मणका हाडाच्या तीन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे कूर्चेनं, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागात असते तशा लवचीक ऊतीनं जोडलेले असतात. मागची कमान साधारण दोन ते तीन वर्षांच्या सुमारास जुळते. पुढचे सांधे तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान कधीतरी हाडात बदलतात. डोकं ज्यावर फिरतं त्या दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळकासुद्धा याच वयात खालच्या भागाशी एकजीव होतो. तोवर मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात, मानेचे स्नायू कोवळे असतात. मोठ्या माणसाची मान सर्वांत जास्त वाकते ती खाली, पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी; लहान मुलाची वाकते अगदी वर, कवटीच्या जवळ, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी. श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या नसा तिथून जवळच निघतात.

आणि या सगळ्या लवचीकपणाचा फायदा आतल्या मज्जारज्जूला मिळत नाही. नवजात अर्भकांच्या शवविच्छेदनावरून १९६० साली नोंदवलेलं एक निरीक्षण वैद्यकीय लेखनात वारंवार येतं : पाठीचा कणा सुमारे दोन इंच ताणला गेला तरी तुटत नाही, पण त्याच्या आतला मज्जारज्जू पाव इंच ताणला की फाटतो. म्हणूनच अशा अपघातांत कधीकधी एक्स-रेमध्ये हाड धड दिसतं आणि मूल मात्र हातपाय हलवू शकत नाही. हे वाचल्यावर मला ‘पाय अवघडतात’ हा मुद्दा पुन्हा कधी मोठा वाटला नाही.

आता थोराड मुलाकडे वळू. दोन वर्षांचा साधारण मुलगा जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार १२ किलोंच्या आसपास असतो. एखादा १५ किलोंचाही असतो. या दुसऱ्याच्या मणक्यांतली कूर्चा वर्षभर आधी हाड झालेली नसते. उलट धडकेत त्याचं जास्तीचं वजन पट्ट्यांवर जास्त जोर टाकतं. पाठीच्या आधाराची गरज त्याला कमी नाही, झाली तर थोडी जास्तच आहे.

मग वजनावरून ठरवायची सवय लागली कुठून? बरीचशी नियमांतूनच. युरोपात दीर्घकाळ चाललेल्या आर-४४ या जुन्या मानकात सीटचे गट वजनावर होते. पहिला पाठमोरा गट १३ किलोंपर्यंत, आणि पुढे तोंड असलेला गट चक्क ९ किलोंपासून. गुटगुटीत बाळ ९ किलो सहाव्या महिन्यातच गाठू शकतं! नीट बसताही येत नाही अशा बाळाला कागदोपत्री पुढे तोंड करायची मुभा होती. २०१३ साली लागू झालेल्या आर-१२९ मानकानं, ज्याला आय-साइझ म्हणतात, ही फट बुजवली. गट वजनाऐवजी उंचीवर बेतले, आणि वजन-उंची काहीही असो, १५ महिने पूर्ण होईपर्यंत मूल पाठमोरंच, असं ठरवून टाकलं. अमेरिकेत काही राज्यांच्या कायद्यांत अजून अशी पळवाट दिसते. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालच्या मुलाला पाठमोरं बसवणं २०१७ पासून सक्तीचं आहे, पण मूल ४० पौंड म्हणजे १८ किलोंचं किंवा ४० इंच उंचीचं झालं तर सूट. कायदा किमान मर्यादा सांगतो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. सूट मिळाली म्हणजे सुरक्षितता मिळाली असं नाही.

पाठमोरं बसवण्याच्या कल्पनेचं माहेर स्वीडन. चाल्मर्स तंत्रविद्यापीठातले बर्टिल आल्डमन यांना अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ती सुचली. उड्डाणाच्या वेळचा प्रचंड दाब अंतराळवीर पाठीवर झेलतात. मग मुलांनी धडक पाठीवर का झेलू नये? १९६४ साली त्यांनी पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासून पाहिला आणि १९७२ मध्ये व्होल्वोची पाठमोरी सीट बाजारात आली. तेव्हापासून तिथे मूल साधारण चार वर्षांचं होईपर्यंत पाठमोरं बसवायची रीत पडली. तिथल्या रस्ते-वाहतूक संशोधन संस्थेची ‘प्लस टेस्ट’ नावाची कडक चाचणी आहे. त्यात मुलाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या मानेवर धडकेत किती ताण येतो तेच मोजतात आणि मर्यादा इतकी कमी ठेवली आहे की पुढे तोंड असलेल्या सीटला ती पार करणं जवळपास अशक्य. स्वीडिश सीट २५ किलोंपर्यंतच्या मुलांना पाठमोरं बसवतील अशा बनवतात. आपली थोराड मुलं त्यांत आरामात मावतील.

आता आकड्यांचं. ‘पाठमोरी सीट पाचपट सुरक्षित’ हे विधान तुम्ही वाचलं असेल. ते आलं २००७ साली ‘इन्ज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकातल्या एका अमेरिकी अभ्यासातून. त्या अभ्यासानं जगभर सल्ले बदलले. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये ‘निदान दोन वर्षं’ असं म्हटलं, त्यामागे तोही आधार होता. नंतर दुसऱ्या संशोधकांना तेच आकडे पुन्हा काढता येईनात. नमुन्यातला एकेक अपघात प्रत्यक्षातल्या किती अपघातांच्या जागी धरायचा, तो भार चुकीच्या पद्धतीनं वापरला गेला होता. फेरविश्लेषणात पाठमोऱ्या मुलांना दुखापती कमीच दिसल्या, पण गंभीर जखमी मुलांची संख्याच इतकी थोडी होती की तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरेना. २०१८ मध्ये मूळ लेख मागे घेतला गेला.

हे लपवायचं कारण नाही. सुधारलेल्या आकड्यांवरून कळतं ते असं की दोन वर्षांखालचं मूल नीट बांधलेल्या कुठल्याही सीटमध्ये असेल, तर गंभीर दुखापत मुळातच विरळ असते. सगळ्यांत मोठा फरक मूल मांडीवर आहे की सीटमध्ये, याचा आहे. त्यानंतरचा फरक तोंड कुठे आहे याचा. त्यासाठी आधार आहे तो मानेच्या रचनेचा, पुतळ्यांवरच्या चाचण्यांचा आणि स्वीडनच्या अनेक दशकांच्या अनुभवाचा. म्हणूनच त्याच २०१८ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला सैल केला नाही. दोन वर्षांची अट काढली आणि सांगितलं : सीट बनवणाऱ्यानं दिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत, जितका काळ जमेल तितका काळ पाठमोरं बसवा. पाचपटीचा आकडा मात्र आता पुढे ढकलू नये.

पायांचं काय? मुलं मांडी घालून बसतात. गुडघे फाकवून बसतात, कधी पाय गाडीच्या सीटच्या पाठीवर चढवून मजेत लोळतात. तीन वर्षांच्या मुलाचे सांधे इतके मऊ असतात की जे पाहून आपले गुडघे दुखतात, त्यात ते तासभर झोपतं. उलट पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे पाय धडकेत उडून पुढच्या सीटवर आपटतात. तिथे मोडलेल्या पायांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आणि कुठल्याही सीटमध्ये पाय मोडलाच, तर तो प्लॅस्टरनं जुळतो; मज्जारज्जूचं तसं नाही.

मागून धडक बसली तर, हा पुढचा प्रश्न असतो. तशा धडकेत दोन्ही गाड्या बहुधा एकाच दिशेनं जात असतात, त्यामुळे वेगातला फरक कमी, इजाही सहसा कमी. जीव घेणारे अपघात जास्त करून समोरून किंवा बाजूनं होतात. बाजूच्या धडकेतही पाठमोऱ्या सीटचा फायदा आहे. चालक आधी ब्रेक दाबतो, पुढे तोंड असलेल्या मुलाचं डोकं सीटच्या कानांमधून पुढे सरकतं आणि मग बाजूनं मार बसतो. पाठमोऱ्या मुलाचं डोकं कवचातच राहतं.

सीट खरंच अपुरी पडली का, हे पायांवरून ठरत नाही. बहुतेक अमेरिकी सीटच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं की डोक्याच्या वर कवचाची निदान एक इंच कड शिल्लक हवी. मुलाला नेहमीसारखं टेकवून बसवा आणि डोक्यावर पुठ्ठा आडवा धरून पाहा. सारख्याच उंचीच्या दोन मुलांत एकाचं धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असू शकतात, त्यामुळे भिंतीवर खुणा करून मोजलेली उंची इथे अर्धवटच उपयोगी. पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून पाहावा; घडी पडली तर तो सैल आहे. आणि चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, पाठमोरी सीट कधीही लावायची नाही. जागा कमी पडत असेल तर मोठ्या मुलासाठी सीट जरा उभी करता येते. अर्भकाला लागतो तेवढा कल तीन वर्षांच्या मुलाला लागत नाही. किती उभी चालेल हे पुस्तिकेतच दिलेलं असतं.

वजनदार मुलाच्या पालकांनी आणखी एक आकडा तपासावा. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच बसवलेल्या, कड्यांना मर्यादा असते : आर-१२९ मध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो. सीटच १२-१४ किलोंची असेल तर मुलासाठी उरतात १९ ते २१. त्यापुढे, पुस्तिका परवानगी देत असेल तर, गाडीच्या पट्ट्यानं बांधायची.

भारतात २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे. तोंड कुठे हवं हे मात्र त्यात नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक सीटच्या खोक्यावर ‘० ते १८ किलो’ असं ठळक लिहिलेलं असतं. आत पुस्तिका उघडली की कळतं, पाठमोरी फक्त १३ किलोंपर्यंत, पुढचे सगळे किलो पुढे तोंड करून. थोराड मूल १३ किलो दीड-दोन वर्षांतच ओलांडतं. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारावं : पाठमोरी किती किलोंपर्यंत आणि किती सेंटिमीटरपर्यंत? १८ किलो किंवा १०५ सेंटिमीटरची सीट मिळाली तर साधारण बांध्याचं मूल चार वर्षांपर्यंत आणि अंगानं मोठं मूल तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास पोचेपर्यंत त्यात बसतं. आधीच घेतलेल्या सीटची मर्यादा संपली असेल, तर ती ताणून पाठमोरं बसवत राहू नये. पाच पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये, सीटचा माथा गाडीला बांधणारा वरचा टेदर पट्टा जोडून, पुढे तोंड करून बसवावं.