पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग: जागा नेमकी कोणाला मिळते?

विमानाच्या आसनांच्या नकाशात दोन ठिकाणच्या आसनांवर ‘एक्स्ट्रा लेगरूम’ असा एकच शिक्का असतो आणि दोन्हींसाठी बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात. एक म्हणजे समोर आडभिंत असलेली रांग, जिला विमान कंपन्या बल्कहेड म्हणतात आणि आपण सरसकट ‘पहिली रांग’ म्हणतो. दुसरी आपत्कालीन दारालगतची. यांतले जे आसन रिकामे दिसेल ते घ्यायचे, आणि उतरल्यावर ‘पैसे भरूनही पाय आखडले’ म्हणून विमान कंपनीच्या नावाने बोटे मोडायची, हा प्रकार इतक्या वेळा ऐकावा लागतो की आता त्याची सविस्तर फोड केलेली बरी.

आपत्कालीन दाराची रांग बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यात. निम्मी दारे वापरता येत नसतानाही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, ही विमानाला मान्यता देतानाची अट असते, आणि त्या रांगेतली मोकळी जागा मुळात दाराकडे जाण्याची वाट आहे. म्हणूनच तेथे लहान मुले, गरोदर स्त्रिया, व्हीलचेअर घेतलेले प्रवासी किंवा दार उघडायला मदत करू न शकणारे कोणीही बसू शकत नाहीत. अमेरिकेच्या नियमांत किमान वय १५ आहे. गुडघेदुखी असलेल्या आईसाठी मुलाने परदेशातून हौसेने हेच आसन घ्यावे आणि काउंटरवर तिला तेथून उठवून मधल्या आसनावर बसवावे, हे अगदी टाळता येण्याजोगे आहे. एअरबस ए-३२० मध्ये पंखावर अशा रांगा एकामागे एक दोन असतात, बऱ्याच कंपन्यांच्या विमानांत त्यांचे क्रमांक १२ आणि १३. पुढच्या रांगेची पाठ मागे जात नाही, कारण तिच्यामागेच दुसऱ्या दाराची वाट असते. घ्यायचीच असेल तर मागची घ्यावी.

खरी गफलत आडभिंतीपाशी होते. साध्या आसनावर बसलात तर गुडघ्यांपुढे फारशी जागा नसते, हे खरे. स्वस्त कंपन्यांच्या विमानांत दोन रांगांमधले अंतर २८ ते ३० इंच असते, आणि त्यातही आसनाच्या पाठीची जाडी धरलेली असते. परंतु पावले मात्र पुढच्या आसनाखाली सरकतात. पिशवी वर ठेवली असेल तर टाच पुढे नेऊन पोटरी ताणता येते, घोटा फिरवता येतो, आणि लांबच्या प्रवासात शरीराला गुडघ्यापुढच्या चार बोटे जागेपेक्षा हे ताणणे अधिक हवे असते. नकाशावर ही आसनाखालची जागा कोठेच दिसत नाही, त्यामुळे तिची किंमत कोणी धरत नाही. आडभिंतीसमोर बसलात की नेमकी तीच जाते. गुडघे मोकळे राहतात, पण पाय लांब करायला गेलात की बुटाचे टोक भिंतीला टेकते आणि पाय पुन्हा काटकोनात येतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या प्रवाशाला याचा काहीच त्रास होणार नाही. सहा फुटी माणूस मात्र आपण पैसे कशासाठी भरले याचा विचार करत रात्र काढील. याउलट पंखावरच्या आपत्कालीन रांगेत समोर भिंत नसून आसन असते, ते दूर असते आणि त्याच्याखाली पोकळीही असते, म्हणून उंच माणसाने तिकडेच जावे, असे माझे ठाम मत आहे.

भिंतीचे अंतर विमानागणिक बदलते, काही ठिकाणी ती खालून थोडी कापलेली असते, तर काही ठिकाणी नुसता पडदा असतो. तेव्हा विमानाचा प्रकार पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. भिंतीला मोजे घातलेले पाय लावून पसरणाऱ्यांविषयी काही लिहीत नाही, लिहिले तर सभ्य भाषेत राहणार नाही.

समोर आसन नसल्याने जेवणाचा ट्रे हातावर, म्हणजे आर्मरेस्टमध्ये, बसवलेला असतो. त्यामुळे तो हात जाड होतो, वर उचलता येत नाही आणि बैठक किंचित अरुंद होते. हातातली पिशवी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी वर ठेवावीच लागते. आपत्कालीन रांगेतही तसेच. चष्मा, गोळ्या आणि शाल आधी खिशात किंवा मांडीवर घ्यावी, केबिन क्रूशी वाद घालू नये. मोठ्या विमानांत तान्ह्या बाळाचा पाळणाही याच भिंतीला अडकवतात, तेव्हा तेथे बसून बाळ रडल्याची तक्रार करणाऱ्यांची मला मुळीच कीव येत नाही.

आपत्कालीन रांगेलाही एक खोट आहे. मोठ्या विमानांत जेथे पूर्ण उंचीचे दार असते, तेथे आणीबाणीत उतरण्याची घसरगुंडी दाराच्या आतल्या फुगवट्यात बांधलेली असते आणि तो फुगवटा खिडकीजवळच्या प्रवाशाच्या पायांपुढे येतो. दारालगत गारठाही जाणवतो. तेथे खिडकीचा मोह सोडावा.

कोल्हापूर किंवा जळगावला येणाऱ्या एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानामध्ये तर हा सगळा हिशेबच वेगळा: चढायचे दार मागे आणि आपत्कालीन दारे पुढच्या रांगेजवळ. म्हणजे पहिली रांग हीच दाराची रांग, आणि ‘पुढे बसवा’ म्हणणाऱ्या आजोबांना नेमकी तीच मिळत नाही.

मुंबईहून न्यूयॉर्कला सुमारे सोळा तास बसून जाणाऱ्या आई-वडिलांसाठी मी या दोन्हींपैकी काहीच घेत नाही. स्वच्छतागृहापासून चार-पाच रांगा दूर, मार्गिकेलगतचे साधे आसन घेतो. उठता येते, आर्मरेस्ट वर करता येतो, पाय पुढच्या आसनाखाली जातात, आणि जादा पैसे पडलेच तरी थोडेच पडतात.