घरातलं मारकुटं माणूस

घरातलं सगळ्यांत मारकुटं माणूस कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं बोट बापाकडे जाईल. मोजायला बसलं तर उत्तर वेगळं येतं: दोन-अडीच वर्षांचं पोर. मॉन्ट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रॉम्ब्ले यांनी मुलांच्या आक्रमकतेचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. चावणं, ओरबाडणं, ढकलणं, हाताला लागेल ते फेकून मारणं हे सगळं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान टोकाला पोचतं आणि मग बहुतेक मुलांमध्ये उतरत जातं. मारायला कोणी शिकवावं लागत नाही, हात आवरायला शिकावं लागतं. ही शिकवणी घरातच होते, आणि काही घरांत ती उलटी चालू होते.

उलटी कशी चालते, हे अमेरिकेतल्या ऑरेगनच्या जेराल्ड पॅटरसन यांनी शोधलं. त्यांनी निरीक्षकांना थेट लोकांच्या घरी बसवलं आणि कोण काय बोललं, लगेच समोरच्याने काय केलं, याच्या बारीक नोंदी करवल्या. त्यातून निघालेलं सूत्र भांडुपच्या एखाद्या वनरूम किचनमध्येही जसंच्या तसं दिसेल. आई सीएसएमटीहून स्लो लोकलने उभ्याने येऊन नुकती टेकली आहे. दहा वर्षांचा मुलगा मोबाईलवर. "ठेव तो आता." उत्तर नाही. "ठेव म्हणते ना!" तिसऱ्यांदा सांगितल्यावर मुलगा किंचाळतो, "थांब ना गं, एकच मिनिट!" आईच्या अंगात त्राण नाही. ती गप्प बसते. मुलगा शिकला: किंचाळलं की कटकट थांबते. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग, पण आज आईने पाठीत रट्टा घातला. मोबाईल लगेच खाली आला, घर शांत झालं. आता आई शिकली: हात उगारला की काम होतं.

दोघांनाही बक्षीस मिळालं, आणि ते एकच होतं: त्रास थांबला. मेंदू असा धडा फार पटकन गिरवतो. मात्र दोघंही जिंकत असल्याने पुढच्या वेळी दोघांनाही थोडा जास्त जोर लावावा लागतो. किंचाळण्याचं वस्तू फेकणं होतं, रट्ट्याचा पट्टा होतो. यात खलनायक कोणीच नसतो, आणि म्हणूनच हे चक्र घरातल्यांना दिसत नाही. "आमच्याकडे मारल्याशिवाय ऐकतच नाही" हे वाक्य खोटं नसतं. त्या घरात ते खरं झालेलं असतं.

बाहेरचा राग घरी येतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी विमान वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या दिवशी कामावर सहकाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी खटके उडाले, त्या दिवशी हे बाप घरी मुलांवर जास्त डाफरताना आढळले. वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे आपल्याला ठाऊक होतंच.

आता भावंडं. "भावंडं म्हटली की भांडणं आलीच" म्हणून आपण हा विषय मिटवतो. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या कौटुंबिक हिंसेच्या पहिल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं, की भावंडं असलेल्या पाचपैकी सुमारे चार मुलांनी वर्षभरात निदान एकदा तरी भावाबहिणीवर हात टाकला होता. नवराबायको किंवा पालक-मूल यांच्यातल्या हिंसेपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. इतकं सर्रास असेल तर काळजी कशाला? बहुतेक वेळा करूही नये. रिमोटवरून झोंबाझोंबी झाली, दहा मिनिटांनी दोघं एकाच ताटात जेवायला बसली, यात बिघडलं काहीच नाही. पण प्रत्येक वेळी मार खाणारं एकच मूल असेल, ते दादा घरी यायच्या वेळेला घाबरून असेल, हाताऐवजी वस्तू येऊ लागली असेल, तर त्याला भांडण म्हणू नये. इंग्लंडमध्ये सुमारे ७,००० मुलांना १२व्या वर्षी भावंडांच्या त्रासाबद्दल विचारलं आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासलं. आठवड्यात अनेकदा भावंडाकडून छळ सोसलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. शाळेतला दादागिरी करणारा मुलगा निदान सुट्टीच्या घंटेनंतर मागे राहतो. घरातला शेजारच्याच अंथरुणावर झोपतो.

अंथरुणावरून जागेचा प्रश्न येतोच. मुंबईत तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. यावरचा एक फार महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारीच, पुण्यात झाला आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी इव्हान्स यांनी पुणे विद्यापीठातल्या शेजवळ आणि पळसणे यांच्यासोबत कामगार वस्तीतल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांकडे पाहिलं, आणि निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध केले. दाटीवाटीच्या घरांतल्या मुलांचं शाळेतलं वागणं आणि अभ्यास मागे होता, मुलग्यांचा रक्तदाब चढा होता, मुली अवघड कामापुढे लवकर हात टेकत होत्या. उत्पन्नाचा फरक बाजूला काढला तरी हे टिकलं. त्याहून लक्षात घेण्याजोगं म्हणजे या परिणामांची वाट पालक आणि मुलांच्या बिघडलेल्या नात्यातून जात असल्याचे संकेत मिळाले. लहान खोली स्वतः काही करत नाही, ती चिडलेल्या दोन माणसांना लांब जाऊ देत नाही.

इथे कोणीतरी चाळीची आठवण काढेल: गॅलरी होती, शेजारच्या काकू मध्ये पडायच्या, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) टॉवरमध्ये दारं बंद. थोडं खरं आहे. पण इव्हान्स आणि पळसणे यांच्याच पुण्यातल्या १९८९च्या अभ्यासात दिसलं, की सतत गर्दीत राहणारी माणसं हळूहळू स्वतःला मिटून घेतात आणि त्यांना मिळणारा आधारही आटतो. मध्ये पडणाऱ्या काकूंइतक्याच "त्यांच्या घरातलं आहे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या काकूही चाळीत होत्या.

घरात हिंसा पाहिलेल्या, सोसलेल्या मुलांच्या मेंदूची छायाचित्रं लंडनच्या इमन मॅक्रोरी यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केली. रागावलेला चेहरा दाखवताच या मुलांच्या मेंदूतल्या अमिग्डाला आणि पुढच्या इन्सुला या धोका हेरणाऱ्या भागांत जास्त हालचाल झाली. युद्धावरून आलेल्या सैनिकांत याच जागा अशा पेटतात. ही मुलं मानसिक आजारी नव्हती. त्यांचा मेंदू बिघडला नव्हता, धोका आधी हेरायला तरबेज झाला होता. घरात त्याचा उपयोग होतो. वर्गात मात्र बाईंच्या साध्या कपाळावरच्या आठीलाही तोच मेंदू धोका समजतो, आणि मूल आधीच हात उचलतं.

चक्राचं शेवटचं टोक म्हणजे आईबापांना मारणारी मुलं. वैद्यकीय नियतकालिकात याला नाव मिळालं ते थेट १९७९ साली. आपल्याकडे आईबाप ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवतात, कारण लाज त्यांचीच जाते. मुंबईत त्याला जोड असते ती "खोली माझ्या नावावर कर" या तगाद्याची. सांभाळण्याच्या अटीवर खोली करून दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. हे फार थोड्या आईबापांना माहीत असतं.

चक्र तोडायचे उपाय मात्र कंटाळवाणे वाटतील इतके साधे आहेत. पॅटरसन यांच्या पद्धतीत पालकांना शिकवतात ते असं: सूचना एकदाच, जवळ जाऊन, हळू आवाजात द्यायची. ऐकलं नाही तर ठरलेला छोटा तोटा लगेच, उदाहरणार्थ उद्याचा मोबाईल बंद, आणि मग रडारडीपुढे नमायचं नाही. शहाण्यासारखं वागल्याची दखल तिथल्या तिथे घ्यायची. भावंडांच्या भांडणात कॅनडातल्या आयांना न्यायाधीशाऐवजी मध्यस्थ व्हायला शिकवलं गेलं: आधी दोघांना पूर्ण बोलू द्यायचं, मग एकमेकांचं म्हणणं सांगायला लावायचं, तोडगा मुलांनीच काढायचा. "तू मोठा आहेस ना, दे तिला" हा आपला लाडका निवाडा यात बसत नाही. त्या घरांत मुलं तडजोड करायला जास्त शिकली, आई नसतानाही.

घरात अशा मध्यस्थीच्या पलीकडे गोष्ट गेली असेल, मूल घाबरून राहत असेल, तर १०९८ हा फोन आहे. चाइल्डलाइनची ही सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. मूल स्वतः फोन करू शकतं, शेजारीही करू शकतात, पैसे लागत नाहीत.