खिडकीशी जिराफ येण्यापूर्वी

नैरोबीच्या लांगाटा भागातल्या जिराफ मॅनर या हॉटेलचे फोटो आता सगळ्यांना पाठ झाले आहेत : वरच्या मजल्याची उघडी खिडकी, आत घुसलेली लांब मान आणि पाहुण्याच्या हातातला खाऊ ओढून घेणारी दीड फुटी काळसर जीभ. खोली मिळवायची तर अनेक महिने आधी बुकिंग करावं लागतं, खिसाही चांगलाच हलका होतो. पण हे घर जिराफांसाठी बांधलेलं नव्हतं, आणि जिराफ इथे आले तेही पाहुण्यांसाठी नव्हेत.

1932 मध्ये सर डेव्हिड डंकन यांनी स्कॉटलंडमधल्या शिकारगृहाच्या धर्तीवर हा दगडी वाडा उभारला. हे गृहस्थ मॅकिन्टॉश टॉफीच्या घराण्यातले. (आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतला क्वालिटी स्ट्रीटचा डबा आठवतो? तो मूळचा याच मॅकिन्टॉशचा.) पुढे मालक बदलले, भाडेकरू आले-गेले आणि वाड्याला अवकळा आली.

1974 मध्ये जॉक लेस्ली-मेलव्हिल आणि त्यांची अमेरिकन पत्नी बेटी यांनी तो विकत घेतला. त्याच सुमारास पश्चिम केनियातल्या सोय नावाच्या गावाजवळच्या एका मोठ्या रँचची जमीन शेतीसाठी वाटली जाणार होती, आणि केनियात उरलेले रॉथशिल्ड जिराफ, जेमतेम सव्वाशे, तिथेच चरत होते. गुडघ्याखाली ठिपके नसलेला, पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा हा जिराफ. शेत आलं की त्याला जागा उरणार नव्हती. या दांपत्याने तिथून डेझी नावाचं पिल्लू आणलं, मागून मार्लन नावाचं दुसरं पिल्लू आलं, आणि दोघं अंगणातच वाढली. खिडकीतून मान घालण्याची सवय या घरोब्यातून आली. हॉटेलवाल्याच्या कल्पनेतून नव्हे.

जिराफ वाचवण्यासाठी त्यांनी संस्था काढली. तिचं जिराफ सेंटर 1983 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शाळेतली मुलं तिथे आजही जिराफाला खाऊ घालतात. इथे वाढलेले जिराफ पुढे रुमासारख्या राष्ट्रीय उद्यानांत सोडले गेले. 1984 मध्ये जॉक गेले. त्यानंतर बेटींनी घराची दारं पाहुण्यांसाठी उघडली आणि निजायच्या खोल्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. 2009 मध्ये वाडा कार-हार्टली दांपत्याकडे गेला. त्यांनी शेजारी आणखी एक इमारत जोडली आणि आता एकूण बारा खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीला आजही डेझीचं नाव आहे.