गंज आतून येतो: मोटारीच्या पत्र्याची पार्श्वभूमी

दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली तांदळाएवढा फोड दिसला की बहुतेक जण पॉलिशपेपर मारतात, लांबी (पुट्टी) भरतात आणि वरून रंग देतात. काही महिन्यांत फोड पुन्हा हजर. तो बाहेरून आलेलाच नसतो. काचेलगतच्या रबरातून पाणी दाराच्या आत उतरतं. ते वाहून जायला तळाशी बारीक फटी ठेवलेल्या असतात. त्या धूळ-पाचोळ्याने बुजल्या की पत्रा आतून भिजत राहतो. वाहनांच्या गंजाचा इतिहास चाळताना मला पुन्हा पुन्हा हीच गोष्ट भेटते: पाणी कुठे अडलं?

सुरुवातीच्या मोटारींत ते अडायला जागाच कमी होती. खाली जाड पोलादी चासी, म्हणजे गाडीचा भार पेलणारी चौकट, हात घालून पुसता येईल इतकी उघडी. वर लाकडी सांगाड्याला ठोकलेला पत्रा. लाकूड कुजायचं, पण चासी टिकायची. १९२२ ची लान्सिया लॅम्ब्डा आणि १९३४ ची सिट्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ या गाड्यांनी वेगळी चासीच काढून टाकली आणि भार अंगावरच्या पत्र्यावर सोपवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्रास झाली. गाडी हलकी झाली खरी, पण आता तिची ताकद जेमतेम मिलिमीटरभर पत्रा वाकवून केलेल्या पोकळ पेट्यांत होती: दाराखालचे पट्टे, खांब, तळातले आडवे भाग. त्यांच्या आत रंगाचा फवारा धड पोचत नसे. आधी गंज म्हणजे दिसण्याचा प्रश्न होता, आता तो सुरक्षिततेचा झाला.

त्यातच रस्त्यावर मीठ आलं. १९३८ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्याने बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकून पाहिलं, आणि युद्धानंतर थंड प्रदेशांत त्याचा वापर झपाट्याने वाढला. गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी प्राणवायू खर्च होतो, आणि मिठाच्या पाण्यातून हा प्रवाह फार सहज वाहतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड उघडं पडतं. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर मात्र घट्ट चिकटून आतल्या धातूला जपतो. लोखंडाच्या नशिबी ते नाही.

पहिला उपाय गाडीच्या तळाला द्यायच्या डांबरी लेपाचा, म्हणजे अंडरकोटिंगचा. तो नवा असताना छान काम करतो. वाळून तडकला की मात्र पाणी लेप आणि पत्रा यांच्यामध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. वरून काळं, गुळगुळीत, आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार! असा लेप नसलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. खरी जागा ओळखली ती डेट्रॉइटच्या झीबार्ट कंपनीने. १९५९ पासून पोकळ भागांना भोकं पाडून आत मेणासारखं संरक्षक द्रव्य फवारण्याचा धंदाच तिथे उभा राहिला.

कारखान्यांनी त्यापुढची दोन पावलं टाकली. एक जस्ताचं. फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्येच लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं होतं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. तरीही पोर्शने ९११ चं अंग दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेल्या पत्र्याचं करायला १९७५ उजाडलं. दुसरं पाऊल म्हणजे अख्खं अंग रंगाच्या हौदात बुडवून विजेने थर बसवणं. फोर्डने ते १९६० च्या दशकात आणलं, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जास्त टिकाऊ, गाडीचं अंगच विजेचं ऋण अग्र करून त्यावर रंग बसवणारी पद्धत आली. ढिलाई किती महाग पडते हे १९८० मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं: इंजिन धरणाऱ्या चौकटीचे जोड गंजल्यामुळे लान्सियाला बीटा गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या.

ट्रक आणि पिकअपमध्ये चासी आजही वेगळीच आहे, म्हणून त्यांचं दुखणंही वेगळं. २००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपच्या चासीवरची गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार सडलेल्या गाड्या परत घेतल्या. जड ट्रकच्या ड्रम ब्रेकमध्ये गंज शू (आतला धातूचा भाग) आणि लायनर (त्यावरचं घासणारं अस्तर) यांच्यामध्ये धरतो, फुगतो आणि लायनरला आतून उचलून फोडतो. मडगार्डच्या आत थापलेला चिखल तर ओल्या पोटिसासारखा असतो. बाकी गाडी वाळली तरी तेवढी जागा ओलीच.

विजेने रंग बसवायचा तर हौदातला द्रव प्रत्येक पोकळीत शिरून बाहेरही पडला पाहिजे. म्हणून तळाला आणि पट्ट्यांना भोकं ठेवावी लागतात. नंतर काहींना रबरी बुच बसतात, बाकीची पाण्याच्या निचऱ्यासाठी उघडी राहतात. घाईने अंडरकोटिंग केलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन वाकलं, तर नेमकी हीच उघडी ठेवलेली भोकं काळ्या लेपाखाली बुजलेली दिसतात.